परत पाठवलेली साखर

सेफ्रू गावातल्या आमच्या गल्लीत लग्न ठरलं की मुलीला आधी शिंप्याकडे नेतात आणि मग लल्ला हनियाकडे. लल्ला हनिया जलाबा नावाच्या लांब झग्यांसाठी रेशमी दोऱ्याची बटणं विणते. सत्तरी आली तरी सुई चष्म्याशिवाय ओवते, आणि हे चारचौघांत सांगायला विसरत नाही. नवरीची बटणं विणता विणता ती तिला संसाराचे धडे देते. फुकट, आणि नको म्हटलं तरी.

"सासूनं तोंड सुरू केलं की किटली उंच धरून चहा ओतायचा. धारेच्या आवाजात निम्मं ऐकूच येत नाही."

"नवरा उपाशी असताना त्याला काही विचारू नये. जेवल्यावर लगेचही नको, तेव्हा मेला झोपतो."

"हमामात तासभर जास्त बस ग. घर काही पळून जात नाही. अंगावर ऊन पाणी घे, मैत्रिणींशी खिदळ. तेवढंच आपलं असतं."

आणि सगळ्यात शेवटी बोट नाचवत, "भांडून माहेरी आलीस आणि त्याची माणसं समजूत घालायला साखरेचा सुळका घेऊन दारात आली, तर साखर मुकाट ठेवून घ्यायची. साखर परत गेली की संसार संपला म्हणून समज."

बाई बोलायला भारी! पण तिच्या स्वतःच्या घरात ऐकायला कोण होतं? नवरा सी अब्बास जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा बेल्जियमला, तो सणासुदीला फोनवर भेटायचा. मुलगी गिझलान सात वर्षांपूर्वी मेकनेसला दिलेली. दिवसा बायकांची ये-जा असे. संध्याकाळी दारं लागली की लल्ला हनिया रेडिओ मोठा करून त्याच्यासमोर जेवायला बसायची. एका माणसापुरता स्वयंपाक तिला कधी जमलाच नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी, त्यातलं उरलेलं तिसऱ्या दिवशी.

गेल्या वसंतात गिझलान बॅग घेऊन दारात उभी राहिली. नवऱ्यानं, जवादनं, तिला न विचारता धाकट्या भावाला कायमचं राहायला आणलं होतं, त्यावरून वाजलं. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. चार दिवसांचा रुसवा आहे हे लल्ला हनियानं बॅगेच्या आकारावरूनच ओळखलं. तोंडानं ती "अग माझ्या पोरी!" म्हणाली, पण मनातून हरखली होती, आणि हरखल्याची तिला लाजही वाटली.

काय ते दिवस होते! दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत, गल्लीतल्या सुनांच्या कुचाळक्या करत, एकाच थाळीत जेवत. रेडिओ धूळ खात पडला.

सहाव्या दिवशी गिझलान हमामात गेली होती. तेवढ्यात जवादची आई हज्जा तूरिया आणि त्याचा काका दारात आले. काकाच्या बगलेत निळ्या कागदात गुंडाळलेला, शंकूसारखा साखरेचा सुळका होता.

"झालं गेलं विसरा, लल्ला," हज्जा म्हणाली. "चूक आमच्या पोराचीच. भावाची सोय दुसरीकडे केलीय. जवाद खाली गाडीत बसलाय, वर यायला लाजतोय."

लल्ला हनियानं साखरेकडे पाहिलं. ही साखर आत आली की पोरगी संध्याकाळपर्यंत मेकनेसला, आणि इथं पुन्हा तो रेडिओ.

"पोरगी अजून तयार नाही. साखर घेऊन जा."

"परत नेऊ?" हज्जाचा चेहरा पडला. "लल्ला, हे तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणतेय."

गिझलानला तिनं काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दोन आठवडे गेले. आमच्याकडे रुसव्यात फोन करत नाहीत, माणसं यावी लागतात. दाराची कडी वाजली की गिझलान ताडकन उठायची, आणि दूधवाली दिसली की खाली बसायची. पोरीचं तोंड सुकून गेलं.

शुक्रवारी कुसकुसच्या थाळीत लल्ला हनियानं मांसाचा मोठा तुकडा लेकीकडे सरकवला. लेकीनं तो परत ढकलला.

"यम्मा, वीस दिवस झाले. एक माणूस फिरकलं नाही. मी समजायचं ते समजले. उद्या तलाकाचा अर्ज देते. मग इथंच राहीन तुझ्याजवळ, बटणं विणीन."

जे हवं होतं ते आयतं पदरात पडत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. लल्ला हनियानं थाळी बाजूला सारली.

"आले होते," ती म्हणाली. "साखर घेऊन. जवादसुद्धा. मी परत पाठवली."

गिझलाननं मान वर केली. "का?"

"तुझा मान राहावा म्हणून..." एवढं बोलून लल्ला हनिया थांबली. लेकीशी आणखी खोटं बोलणं तिच्यानं होईना. "नाही ग. घरात बोलायला माणूस मिळालं होतं. सोडवेना."

गिझलान उठून बॅग भरायला लागली.

मुलीच्या आईनं साखर घेऊन जावयाच्या दारी जावं, असं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. लल्ला हनिया गेली. मेकनेसपर्यंत टॅक्सीत गिझलान खिडकीकडे तोंड करून बसली. हज्जा तूरियानं दोघींना पाच मिनिटं उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं, आणि ठेवायलाच हवं होतं. समोरच्या खिडक्या पटापट उघडल्या.

"चूक माझी," लल्ला हनिया सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाया पडते, हज्जा, तिला आत घ्या."

हज्जानं साखर घेतली. जवादनं पुढे होऊन बॅग घेतली. गिझलान उंबरा ओलांडून आत गेली, आणि तिथूनच वळली. डोळे लाल झाले होते.

"सात वर्षं दर फोनला विचारलं, यम्मा, कशी आहेस? दर वेळी म्हणालीस, मी मजेत, तू तुझा संसार बघ. मला ते खरं वाटलं. एकदा नुसतं 'ये' म्हणाली असतीस तर धावत आले असते. मला थांबवायला माझा संसार मोडायला निघालीस?"

जन्मभर दुसऱ्यांच्या लेकींना शहाणपण शिकवलेली बाई उंबऱ्याबाहेर उभी होती. हज्जा बघत होती, जावई बघत होता, अख्खी गल्ली बघत होती.

"मजेत नव्हते ग," लल्ला हनिया म्हणाली. "एक दिवससुद्धा नव्हते."