कोठारावरचे मुल्लाणीचाचा

मुल्लाणीचाचा रोज सकाळी ड्युटीवर आले की आधी स्वतःची झडती घेत. दारासमोर ताठ उभे राहत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "मुल्लाणी, हात वर!" हात वर जात. मग तेच हात खाली येऊन सदऱ्याचे खिसे, पट्टा, टोपीची घडी चाचपत. "काडीपेटी? न्हाय. बिडी? न्हाय. लोखंड? न्हाय. जावा आत." माळावर चिटपाखरू नसायचं, तरी यात एक शब्द कमी होत नसे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खो खो हसलो. ते म्हणाले, "हासा की. पर दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा तर आदी आपला दावाय पायजे, कांबळेसाब."

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं खातं विहिरी आणि कालवे खणायचं. त्यातल्या सुरुंगांना लागणाऱ्या जिलेटिनच्या कांड्या कळंब्याच्या पलीकडे, माळावरच्या एका दगडी खोलीत ठेवलेल्या असत. तिला सगळे कोठार म्हणत. पेट्या साठ-सत्तर, भोवती काटेरी तारेच्या दोन ओळी आणि राखणीला दोन माणसं. दिवसा चाचा, रात्री शिवा नावाचा एक गडी. तिसरा माणूस नाही. चाचांचं पूर्ण नाव बाबालाल मुल्लाणी. अठरा वर्षं पलटणीत काढलेल्या या माणसाला खात्यानं हत्यार म्हणून काय दिलं होतं, तर वेळूची एक काठी आणि एक शिट्टी!

कोल्हापुरी चपलेच्या टाचेला नाल असते आणि ती दगडावर घासली की ठिणगी उडते, म्हणून कोठारात सगळ्यांनी अनवाणी जायचं हा चाचांचा कायदा होता. एकदा आमचे साहेब नवीकोरी करकरणारी कापशी चप्पल घालून आले आणि काढेनात. चाचा दारात आडवे उभे राहिले. "साब, पलटणीत मोठं मोठं साबबी पाय उघडं करून आत जायाचं. दारूगोळ्याला हुद्दा कळत न्हाय." साहेबांनी चप्पल काढली, पण परतताना जीपमध्ये ते माझ्यावर उगाचच खेकसले.

चाचा दर दोन महिन्यांनी अर्ज लिहून पाठवत. आणखी एक माणूस द्या, भिंत घाला, निदान एखादं कुत्रं तरी द्या. मी ऑफिसात कारकून, त्यांची उत्तरं मीच टाइप करायचो. भिंतीला निधी नव्हता, माणसाचं पद मंजूर नव्हतं. कुत्र्याच्या अर्जावर हेडक्लार्कनी शेरा मारला होता की आस्थापनेवर कुत्र्याची तरतूद नाही. तो मी हसत हसत टाइप केला. आज त्या हसण्याची लाज वाटते. "आजवर काय झालंय का तिथं?" असं साहेब विचारायचे. मी ते चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काय झालं न्हाय, त्योच तर माजा पगार हाय. पर न झालेल्याची पावती कोण देणार?"

नदीत कांड्या फोडून मासे मारणाऱ्यांचा तेव्हा सुळसुळाट होता. एका आठवड्यात चाचांना मागच्या बाजूची तार कापलेली दिसली. त्यांनी ती सुतळीनं बांधली आणि अर्ज पाठवला. तो माझ्याच टेबलावर पडून होता.

आणि त्याच आठवड्यात, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, चाचांच्या शेजारचे शिकलगार धापा टाकत ऑफिसात आले. चाचांच्या बायकोच्या, अमीनाचाचीच्या, छातीत कळ आली होती. तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी माणसांना बोलवा म्हणून सांगितलं होतं आणि ती सारखी चाचांचं नाव घेत होती. ही चाची कुरुंदवाडची. ईदला माझ्यासाठी शिरखुर्म्याचा डबा ती न चुकता पाठवायची. मी सायकल काढली आणि कळंब्याच्या वाटेला लागलो.

चाचांनी ऐकलं आणि ते भिंतीला टेकले. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही सायकल घेऊन निघा. संध्याकाळी शिवा येईपर्यंत मी थांबतो इथं."

त्यांनी विचारलं, "तुमाला चार्ज दिल्याचा, साबाच्या सहीचा कागुद कुठाय?"

"कागद कसला मागताय? चाची तिकडं…"

"अवो, तार कापल्याली हाय. आज कायबी हुईल. कागदाबिगर तुमी हितं बसला आन एक कांडी जरी गेली तर पैली तुमची नोकरी जाईल. नोकरीत अजून पक्कं न्हाईसा. घरात खानारी तोंडं हायत. कागुद असला तर कोन तुमाला बोट लावनार न्हाय." मग एकदम माझा दंड धरून म्हणाले, "बिगी बिगी जावा. कागुद आना. उभ्या उभ्या जातो बगा मी."

मी तशीच सायकल मारत ऑफिसात आलो. साहेब कागलला कामावर गेले होते. हेडक्लार्क म्हणाले, "मला अधिकार नाही." आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. कोरे कागद माझ्या खणात होते. शिक्का माझ्याच ताब्यात होता. साहेब तर माझी कागदपत्रं न वाचताच सही करायचे, आणि ती सही मी हजारदा पाहिलेली होती. मी खण उघडला, कागद काढला, आदेश टाइप केला. पेन उघडून सहीच्या जागेवर धरलं. माझ्या वडिलांनी खाणीत खडी फोडून मला मॅट्रिक केलं होतं. आमच्या अख्ख्या वाड्यात सरकारी नोकरी लागलेला मी पहिला. खोटी सही म्हणजे ती नोकरी गेली, आणि वर तुरुंग. मी पेनाचं टोपण लावलं.

तो कागद घेऊन मी एसटीनं कागलला गेलो. साहेब सापडायला दोन वाजले. त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि न वाचता सही केली. मी कोठारावर पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. चाचा फाटकाशीच उभे होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, किल्ल्या दिल्या, कापलेली तार दाखवली, मला सलाम केला आणि सायकलवर बसले. साठी जवळ आलेला तो माणूस चढावर उभा राहून पायडल मारत होता.

चाची दोन वाजताच गेली होती.

चौथ्या दिवशी चाचा कामावर आले. मला एका शब्दानं दोष दिला नाही. पुढंही कधी नाही. तिसरं पद काही मंजूर झालं नाही. चाचा निवृत्त झाले तेव्हाही ती तार सुतळीनंच बांधलेली होती. नंतर काही वर्षांनी दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यातल्या कोठाराचा स्फोट झाला. मग आमच्याकडे महिन्याभरात भिंत उभी राहिली, दिवे लागले, बंदूकवाले चार जण आले. निधी कुठून आला कोण जाणे.

ही बातमी सांगायला मी सदर बाजारातल्या त्यांच्या घरी गेलो. चाचा खूप थकले होते. सुनेनं चहा आणून ठेवला. चार माणसं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "ब्येस झालं. आता कुनाच्या घरी अडचन आली तर दुसरा हाय की उभा ऱ्हायाला." मला ते ऐकवेना. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारून टाकलं.

"चाचा, त्या दिवशी साहेबांची सही मीच ठोकून आणली असती, तर तुम्ही ओळखली असती?"

"लगीच. तुमचा हात मला ठावं हाय की."

"मग मला परत पाठवलं असतं ना?"

चाचांनी मान हलवली.

"न्हाय ओ. गेलो असतो. मला वाटलं, कांबळेसाब शानं हायत, कुटलातरी कागुद घिऊन तासाभरात येत्यात. रस्त्याकडं डोळं लावून बसलतो मी." माझ्याकडे पाहिलं आणि आपण जास्त बोललो असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "च्या घ्या. गार व्हतोय."

त्याच वर्षी चाचा गेले. मातीला मी होतो. कोठारावरून ऑफिसात जाऊन परत यायला, सायकलवर, मला खरोखरच तासच लागला असता.