बाजूला बांधलेली खाट

८ एप्रिल १९५४. मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. समोरच्या ओसरीत, देवरीत नवीनच आलेला तो माणूस मोटारसायकल बनवत होता. भंगारातलं लष्करी इंजिन, चौकट मात्र घरची. पहिलीच खटपट. प्रत्येक नट आवळला की त्यावर तो अंगठा दाबून ठेवी, नाडी बघितल्यासारखा. बाजूला जादा चाक लावून त्यानं लहानशी खाट बांधली होती.

"खाट कायले?" मी विचारलं.

"पहिली बायको गोंदियाच्या दवाखान्यात नेता नेता बैलबंडीतच गेली, बाई. ही दुसरी पोटुशी हाय."

"पहिलं बाळंतपण माहेरीच होते. धाड तिले चिचगडले. माही सूनबी पुढल्या महिन्यात जाणार हाय."

त्यानं ऐकलं. बायकोला पोचवून आला आणि पुन्हा कामाला लागला.

पंधरवड्यानं इंजिन सुरू झालं. त्याच संध्याकाळी निरोप आला : चिचगडहून दवाखान्यात बंडीतून नेताना वाटेतच त्याची बायको गेली.

इंजिन बंद करून तो म्हणाला, "गाडी इथं होती, बाई. ती तिथं."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेचं माहेरी न्यायचं गाठोडं सोडलं आणि लुगडी परत पेटीत ठेवली.