मागल्या दारी थुकलेल्या गोळ्या

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरनं छातीला थंडगार चिकट मलम लावून मशीन फिरवली अन् म्हणले, "मामा, पंपिंग तीसच आहे."

मी म्हणलो, "साहेब, जन्मात कशातच तीस पडले न्हाईत मला. पास का?"

डॉक्टर हसले न्हाईत. माझी बायको महानंदा बाजूला उभी होती, ती बी हसली न्हाई. तवा कळलं, मामला बिघडलाय.

ह्या तपासणीला इको म्हणतात. पंपिंगला ईएफ म्हणतात. म्हंजे हार्टमध्ये भरलेल्या रगतापैकी एका ठोक्याला किती बाहेर जातंय, ते. चांगल्या माणसाचं पंचावन्न-साठ असतंय. माझं उतरलं ते माझ्याच गुणानं. दोन दिस छातीत जळजळ व्हायलती अन् मी सोडा पिऊन ढेकर देत बसलो. तो अटॅक होता. तेवढ्या वेळात हार्टचा एक तुकडा मरून गेला. तुमच्या छातीत असं झालं तर सोडा पिऊ नका, दवाखाना गाठा.

माझा मेव्हणा लातूरला ऱ्हातो. त्यानं तिथल्या डॉक्टरला दाखवलं. त्या डॉक्टरनं निवांत बसवून सांगितलं, "मामा, हार्टचा मेलेला भाग परत उगवत नाही. तिथं नुसता व्रण राहतो. पण स्टेम सेल म्हणून एक इलाज तपासून बघणं चालू आहे."

स्टेम सेल म्हंजे मूळ पेशी. कमरेच्या हाडातल्या मगजातून काढतात अन् हार्टमध्ये सोडतात. त्या पेशी दुरुस्तीला मदत करतील असं मोठमोठ्या डॉक्टरांना वाटतंय, पण पक्कं कुणीच सांगत न्हाई. अशा तपासण्याला ट्रायल म्हणतात. डॉक्टर म्हणले, "पैसे घेऊन खात्रीनं करतो म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका. ट्रायलसाठी मी तुमचे कागद पाठवतो. पण तीन महिने गोळ्या एकही न चुकता घ्यायच्या. तब्येत स्थिर राहिली तरच ते घेतात."

आता माझी अक्कल ऐका. नायगावात माझं मोटरी भरायचं दुकान हाय. बोअरची मोटर जळाली का आम्ही जुनी तार सगळी काढून टाकतो. मोकळं, कोरडं करतो, मग नवी तार भरतो. जळक्या तारेवर नवी तार कुणी घालत न्हाई. मला वाटलं, हार्टचं बी तसंच. नव्या पेशी यायच्यात तर आत जुन्या गोळ्यांचा गाळ कशाला?

अन् खरं सांगू का, त्यात एक लघवीची गोळी होती. ती घेतली का गिऱ्हाईक बोलायलंय अन् मी दुकानामागं पळायलोय. लोक म्हणायचे, "मोटरवाला स्वतःच गळायलाय." मीच हसायचो सगळ्यात जास्त. पण लाज वाटायची. गाळाचं कारण मी त्या लाजेवर पांघरलो.

महानंदाला वाचता येत न्हाई, मला बी न्हाई. ती गोळ्या रंगावर ओळखायची. गुलाबी सकाळी, पांढरी जेवल्यावर, पिवळी अर्धी. हातावर ठेवायची अन् गिळेपर्यंत उभी ऱ्हायची. मी तोंडात टाकायचो, पाण्याचा घोट घ्यायचो अन् मागल्या दारी चूळ भरायला जायचो. दोन महिने.

पाय सुजायले. मी म्हणलो, "बघ, अंगावर मांस चढायलंय." पुढच्या तपासणीला लातूरला गेलो अन् मेव्हण्याच्या घराचा जिना काय चढून झाला न्हाई. मधल्या पायरीवर बसलो, श्वासच येईना. फुप्फुसात पाणी भरलं होतं. आयसीयूत टाकले. पंपिंग वीस.

डॉक्टरनं महानंदाला विचारलं, "गोळ्या कोण देत होतं?"

"मीच की."

"एकही चुकली नाही?"

तिनं पिशवीतल्या पट्ट्या काढून बघितल्या. मग म्हणली, "मधी औषधाच्या दुकानदारानं दुसऱ्या रंगाची दिलती. तीच हाय म्हणला. मी दिले."

झालं. तिच्या डोक्यात ते बसलं. चार दिस ती काचेच्या दाराबाहेर मांडीवर गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन बसली. येईल त्या सिस्टरला विचारायची, "बाई, ही तीच हाय का वो? का मी चुकले?" सिस्टर तीच हाय म्हणायच्या. तिला पटायचं न्हाई. मला खाटेवरून सगळं दिसायचं. मी गप. सांगितलो तर ट्रायल हातची जाईल, ही एकच फिकर. एवढ्या मोठ्या तोंडाचा माणूस, पण तेवढंच निघंना तोंडातून.

चौथ्या दिशी ती मेव्हण्याला म्हणली, "दादा, माझ्याच हातानं झालं रे."

डॉक्टर राउंडला आले तवा मी तिला आत बोलवायला लावलो. तिच्यासमोर सांगितलो. दोन महिने, मागल्या दारी, सगळं.

डॉक्टरनं हातातले कागद मिटवले. "मामा, ह्या अवस्थेत ट्रायलवाले घेणार नाहीत. पण गोळ्या अजून काम करतील. आता तरी घ्या."

महानंदा मला एवढंच म्हणली, "पह्यल्या दिशी तरी सांगायचं होतं." मी काहीतरी मजाक करायला तोंड उघडलो, तिच्या तोंडाकडं बघलो, अन् मिटलो.

माझ्या जागेवर ट्रायलला कोण गेला, ठाव न्हाई. त्याचं हार्ट दुरुस्त होवो. उद्या तुम्हाला कुणी स्टेम सेलचं सांगितलं तर डॉक्टरलाच विचारा, अन् तोवर आहे त्या गोळ्या गिळा. न घेतल्या तर निदान घरच्या माणसाला सांगा. माझं पंपिंग आता जरा वर आलंय, दुकानात बसतो, पळायचं तवा पळतो.

महानंदा अजून बी गोळ्या देती. खरं काय ते तिला कळून वरीस होत आलं. तरी रोज सकाळी गुलाबी गोळी उजेडाला धरती, उलटीपालटी करून बघती, अन् मला विचारती, "तीच हाय न्हवं ही?"

"तीच हाय," मी म्हणतो, अन् तिच्यासमोर गिळतो.