गणिताचा रकाना

मुलुंडच्या आमच्या शाळेत वार्षिक निकाल आधी पेन्सिलीने लिहायची पद्धत होती. विषयशिक्षक निकालपत्रकात आपापल्या रकान्यात गुण भरायचे आणि काठावर अडकलेल्या मुलाच्या आकड्यापुढे वर्गशिक्षिका छोटंसं प्रश्नचिन्ह काढायची. मग निकालाची बैठक बसायची. चहा, वेफर्स आणि एकेका प्रश्नचिन्हावर घासाघीस. कोणाच्या घरी आजारपण होतं, कोणाचा पेपर पुन्हा उघडून बघायला हवा, कोणाला पुढे ढकलणं म्हणजे त्याच्यावरच अन्याय, हे सगळं तिथे ठरायचं. ठरलं की खोडरबर फिरायचा आणि वर शाई चढायची. एकवीस वर्षं मी या बैठकांना बसले आणि जवळपास प्रत्येक वेळी भांडले. माझं डोकं लवकर तापतं, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे.

मग क्लाउड आला. आदल्या वर्षी लॅबमधला जुना सर्व्हर ऐन निकालात बसला होता आणि आम्ही तीन दिवस पेपरांचे गठ्ठे उपसून सगळे गुण पुन्हा भरले होते, त्यामुळे विरोध करायला कोणाला तोंडच नव्हतं. कंपनीचा माणूस प्रोजेक्टर लावून म्हणाला, "शाळेत पाणी शिरलं तरी तुमचा डेटा वर सुरक्षित." वर म्हणजे कुठे, असं मी विचारलं, तर तो नुसता हसला. दरवर्षी भरायची फी ऐकून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ग्रंथालयाची त्या वर्षीची खरेदी रद्द केली. मी चार दिवस धुसफुसले. पण खरं सांगायचं तर सुख झालं. बेरजा आपोआप व्हायच्या, दाखला दोन मिनिटांत निघायचा आणि गुण घरी बसून भरता यायचे.

घरी बसून भरता येतात म्हटल्यावर बैठकीची गरज काय, असं मोठ्या बाईंना वाटलं. शनिवारी दुपारी बारा वाजता पत्रक आपोआप बंद होईल, त्याआधी सगळ्यांनी आपापलं भरावं, एवढा निरोप मोबाइलवर आला. बैठक बंद झाली हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या वर्षी माझ्याकडे नववी 'ब' होती आणि वर्गात नाहूरहून येणारी एक मुलगी होती. आईने दोन घरी स्वयंपाकाची कामं धरली, तेव्हापासून धाकट्या भावाला सांभाळायला तिला आठवड्यातून दोन दिवस तरी घरी राहावं लागायचं. वडील इथल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर. पालकसभेत ते मला सरळ म्हणाले होते, "मॅडम, पास झाली तर दहावी करू दे. नापास झाली तर परत नववीत नाय बसवणार. घरात मदत तरी होईल." ते काही दुष्ट नव्हते, थकलेले होते. आणि बोलले ते करतील, हे मला दिसत होतं.

बाकी सगळ्या विषयांत मुलगी निघाली. गणितात एकोणतीस. सहा कमी.

मी सवयीने तिच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाइप केलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंचा फोन आला. "अहो बाई, तुमच्या एका मुलीची बेरीजच होत नाहीये. इथे प्रश्नचिन्ह चालत नाही. मी काढून टाकलंय."

"अहो पण मग बैठकीत..."

"बैठक नाहीये या वर्षी."

मी तडक स्टाफरूममध्ये गेले. गणिताचे सर खिडकीजवळ डबा खात बसले होते. मूळचे मालवणचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि बैठकीत कधी एका गुणाने न हललेले. प्रश्नचिन्ह गणितात असलं की "मी पुन्हा बघतो" एवढंच म्हणायचे आणि पेपर पिशवीत घालून घरी न्यायचे. पुढे काय झालं ते आम्ही कधी विचारलं नाही. शाई चढल्यावर कोण विचारतो? मी त्यांना मुलीची सगळी परिस्थिती सांगितली.

"परिस्थितीक मार्क नसतत, बाई," ते म्हणाले.

"सर, सहा मार्कांसाठी पोरीची शाळा सुटेल."

"मगे मी काय करू? दोन आणि दोन पाच लिवू?"

माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी त्यांना दगड म्हटलं. तीस वर्षं पोरांची वाट लावलीत, असंही म्हटलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि तासाला निघून गेले. दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

शनिवारी पत्रक उघडायची माझी हिंमत होईना. बारा वाजून गेले आणि साडेबाराला मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांच्या समोर कॉम्प्युटर होता आणि चेहरा गंभीर. नववी 'ब' च्या गणिताच्या रकान्यात त्या मुलीपुढे पस्तीस होते.

"वर्गशिक्षिकेला सगळे रकाने उघडता येतात," त्या म्हणाल्या. "आणि गुरुवारी स्टाफरूममध्ये काय झालं ते माझ्या कानावर आलंय. बाई, तुम्ही केलंत का हे?"

मी केलं नव्हतं. पण मनात दहा वेळा आलं होतं, म्हणून माझा चेहरा चोरासारखा झाला असणार. पोरीचे गुण आता परत एकोणतीस होतील आणि तेही माझ्या तोंडामुळे, एवढंच मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

मोठ्या बाईंनी बाजूचं एक बटण दाबलं. रकान्यातल्या त्या घरात पूर्वी काय काय लिहिलं होतं, कोणी आणि कधी, ते सगळं ओळीने आलं. माझं प्रश्नचिन्ह आणि मोठ्या बाईंनी ते काढल्याची नोंद सोडली, तर प्रत्येक ओळीवर गणिताच्या सरांचं नाव होतं. शुक्रवार, पहाटे पाच चाळीस: एकोणतीसचे एकतीस. पाच बावन्न: तेहेतीस. सहाला परत एकोणतीस. शनिवार, पहाटे पाच पस्तीस: बत्तीस. पावणेसहाला पस्तीस. शेजारी शेरा: "प्रश्न चौथा आणि पाचवा. रीत बरोबर, वजाबाकी चुकली. पायऱ्यांचे गुण द्यायचे राहिले होते. चूक माझी."

त्यांच्या इमारतीत साडेपाचला पाणी येतं, हे मला माहीत होतं. पिंप भरेपर्यंत हा माणूस पेपर पुढ्यात घेऊन बसला होता.

सरांना बोलावलं. त्यांनी पिशवीतून पेपर काढून टेबलावर ठेवला. एकेका पायरीला लाल टिक होती आणि ज्या पायरीला गुण नाहीत तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. मोठ्या बाईंनी दोन्ही प्रश्न स्वतः तपासले, बेरीज केली आणि म्हणाल्या, "पस्तीस बरोबर आहेत." सरांचं लक्ष मात्र स्क्रीनवर होतं. त्या ओळी वाचून ते कानापर्यंत लाल झाले.

"ह्या सगळा दिसता?" त्यांनी विचारलं. "आणि पुसूचा कसा?"

पुसता येत नाही, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. मी सरांची माफी मागितली. ते म्हणाले, "पोरीक सांगू नका. तिका वाटाक होया, तिना स्वतः काढले. काढलेच आसत तिना."

सोमवारी निकाल पालकांच्या मोबाइलवर गेला. जेवणाच्या सुट्टीत मुलीचे वडील तेलकट कपड्यांतच शाळेत आले. त्यांनी फोन पुढे धरला. "मॅडम, गणितात पस्तीसच? दहावीला एवढ्याने कसं होणार? सरांना जरा बघायला सांगा ना." मला हसावं की रडावं कळेना. सांगते, म्हटलं.

पुढच्या महिन्यात जुनी निकालपत्रकं स्कॅन करून वर चढवायचं काम माझ्याकडे आलं. स्कॅन झाल्यावर ती रद्दीत जायची होती. स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसत होतं, शाईतले नीट आकडे. एक पान काचेवर ठेवताना खिडकीतल्या उन्हासमोर आलं आणि गणिताच्या रकान्यात एका जागी उजेड आरपार दिसला. मी मागची वर्षं काढून बघितली. दर वर्षी कुठे ना कुठे, पस्तीसच्या आकड्याखाली, खोडून खोडून कागद विरला होता. इतर विषयांत असं एखाददुसरं घर होतं. गणितात मी मोजायचं सोडून दिलं.

ती पत्रकं मी रद्दीत दिली नाहीत. माझ्या कपाटात आहेत.