पोचूची अर्धी बिडी

सावली गावाच्या पुढे, जंगलाला खेटून असलेल्या त्या गावात माणसं शेत सोडत, गाव सोडत, एखादी बाई नवराही सोडी. बिडी मात्र कोणी सोडली नव्हती. सोडणार तरी कशी? उन्हाळा लागला की अख्खं गाव पहाटे तेंदूची पानं तोडायला रानात जाई, दुपारी अंगणात बसून पुडे बांधी आणि संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसाकडे नेऊन देई. ज्या पानावर चूल पेटते त्याला नावं कोण ठेवणार! म्हणून लच्छूनं बिडी सोडली तेव्हा लोकांना आधी गंमत वाटली आणि मग संशय आला.

लच्छू एकटा कधी बिडी ओढतच नसे, हे गावाला ठाऊक होतं. त्याचा जोडीदार पोचू. दोघं शेजारी, मध्ये बांबूचं कुंपण, तेही नावालाच. पोरवयात ढोरं चारताना कुठून तरी एकच बिडी हाती लागली, ती दोघांनी वाटून ओढली, आणि पुढे तीच रीत पडली. खिशात बिड्यांचा कट्टा भरलेला असला तरी पेटायची एकच. पहिला अर्धा पोचूचा, कारण तो एका पोळ्यानं, म्हणजे वर्षानं, मोठा. उरलेला अर्धा लच्छूचा. पोचूला खोकला लागला तेव्हा त्यानं बिडी सोडायच्या ऐवजी तिच्या तोंडाशी ओव्याची चिमूट भरायला सुरुवात केली. ओवा छातीला चांगला, असं त्याचं म्हणणं. आता आगीत तेल ओतून वर म्हणायचं की तेल थंड असतं, तसलाच हा प्रकार. पण जळत्या ओव्याचा तो वास साऱ्या पांदणीला ओळखीचा झाला. वास आला की बायका म्हणत, आला पोचू.

गेल्या दिवाळीनंतर पोचू गेला. शेवटी शेवटी त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी चाले. गेला त्या दिवशी दुपारी त्यानं लच्छूला बिडी मागितली. लच्छूनं ओवा भरून पेटवून दिली. पोचूनं दोन झुरके कसेबसे घेतले आणि बिडी पुढे केली.

"घे गा, तुहा अर्धा."

लच्छूनं ती हातात घेतली, पण ओढवली नाही. समोर ती छाती, तो घर्रघर्र आवाज. त्यानं बिडी मातीत चुरडली. पोचूनं ते पाहिलं. नुसता पाहत राहिला. दिवस मावळायच्या आत तो गेला. उभ्या जन्मात लच्छूनं जोडीदाराचा दिलेला अर्धा पहिल्यांदाच नाकारला होता, आणि ती नजर त्याच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली.

पोचूमागे लच्छू एकटाच अख्खी बिडी ओढू लागला, आणि पुढे त्यालाही खोकला आला. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "लच्छूभाऊ, तुमी पोचूभाऊच्या वाटेले लागले. आताच सोडली तर वाचान." आणि एक युक्तीही दिली. जो आठवडा बिडीविना जाईल, त्या बाजाराला स्वतःला काहीतरी बक्षीस द्यायचं. मनाला गोडी लागते म्हणे.

गावानं हे ऐकलं आणि पोट धरून हसलं. "म्हणजे नवरदेवानंच आपल्या गळ्यात हार घालाचा!" पण लच्छूची बायको सोमारी हसली नाही. तिनं पोचूची विधवा, अंजनाबाई, अंगणात एकटी बसलेली रोज पाहिली होती. ती म्हणाली, "हसू द्या त्याइले. तुमी जिलेबी खा."

आणि लच्छूनं खरंच जिलेबी खाल्ली. पहिल्या आठवड्याला जिलेबी, मग खांद्यावर टाकायला लाल दुपट्टा, मग पुन्हा जिलेबी. तलफ आली की तो कुऱ्हाड घेऊन सरपण फोडी, नाहीतर लवंग चघळी. जीव कासावीस होई, सोमारीवर उगाच डाफरे, पण बाजाराच्या दिवसाकडे डोळे लावून तो तग धरून राहिला.

अडचण एकच होती. जिलेबी हातात आली की ती आपोआप मोडली जाई. सवयच तशी होती, काहीही आलं की अर्धं पोचूचं. पहिल्या दिवशी त्यानं तो अर्धा तुकडा पानात गुंडाळला आणि कुंपणाच्या मेढीवर, खांबाच्या टोकावर, ठेवला. सकाळी तिथं नुसतं पान होतं. मुंग्या नाहीत, कावळ्यानं फाडलेलं नाही, नीट घडी घातलेलं पान. लच्छूच्या अंगावर काटा आला, पण पुढच्या प्रत्येक जिलेबीचाही अर्धा तो तिथंच ठेवू लागला.

आणि त्याच सुमारास वास यायला लागला.

ढोरं रानातून परतायच्या वेळी, पांदणीत धूळ तरंगत असताना, कुंपणाकडून तो वास यायचा. जळत्या ओव्याचा. लच्छू दचकून उठे, कुंपणापाशी जाई. पलीकडे पोचूच्या सरपणाचा ढीग, पडका गोठा, आणि माणूस कोणी नाही. एकदा तर त्यानं खोकलाही ऐकला, तोंडावर हात धरून दाबलेला.

"तुले येते का वास?" त्यानं सोमारीला विचारलं.

सोमारीनं एकदा कुंपणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "येते."

तिलाही येतो म्हटल्यावर त्याचा उरलासुरला धीर सुटला. पोचू त्याचा अर्धा घेऊन थांबला होता, नाकारलेली बिडी पुन्हा पुढे करत होता, याबद्दल लच्छूच्या मनात शंका उरली नाही. भीती वाटे, आणि खोटं कशाला बोलायचं, बरंही वाटे. वास आला की तो डोळे मिटून बसे. छातीतला खोकला कमी होत चालला होता, पण जीव कुंपणाकडेच लागलेला असे.

अशात अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. अखजीला घरोघर पितरांना घास देतात. पाण्याची नवी घागर, वड्या-भाताचं पान, आणि निखाऱ्यावर पहिला घास. पोचूची ही पहिली अखजी, म्हणजे तो पितरांत मिसळायचा दिवस. मेलेल्याला ज्याची आवड ते त्याच्या नावानं द्यायचं, ही तिथली चाल. आणि बिडी द्यायची तर ती पेटवून द्यावी लागते. आणि पेटवायची ती जोडीदारानं, हेही ठरलेलं.

लच्छू लाल दुपट्टा घेऊन पोचूच्या अंगणात जाऊन बसला. समोर निखारे, पानावर बिडी, शेजारी ओवा. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "पेटव गा लच्छू. थो वाट पाहून राह्यला."

लच्छूनं बिडी उचलली. तोंडात न धरता ती निखाऱ्याला लावून पाहिली. टोक काळं पडलं आणि विझलं. बिडी ओढल्याशिवाय पेटत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. एक झुरका. एकच. पण जन्माची ती सवय एका झुरक्यानंच परत सुरू होणार, हेही त्याला कळत होतं. ओढावी तर आपण मेलो, न ओढावी तर पोचू उपाशी राहिला. दुसऱ्यांदा नाकारला गेला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"नाई होत मायाच्यानं," तो म्हणाला.

तेव्हा मागून अंजनाबाई पुढे आली. तिनं त्याच्या हातातली बिडी घेतली, ओव्याची चिमूट करंगळीनं तिच्या तोंडाशी दाबली, ती ओठांत धरली, निखारा चिमट्यानं उचलून टेकवला आणि एक झुरका घेतला. बिडी लगेच पेटली. धूर तिच्या नाकातून सहज बाहेर पडला. ओव्याचा वास अंगणभर झाला. मग ती तोंडावर हात धरून खोकली.

लच्छू तिच्याकडे पाहतच राहिला. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता.

घास झाला, भावकी जेवून गेली, तेव्हा तो तिच्यापाशी गेला. "वयनी, संध्याकाळी ढिगामांगं तुमीच बसता का?"

अंजनाबाईनं मान खाली घातली. "काय करू भाऊजी? घरात त्याइचा वासच राह्यला नोता. एक पेटवली का थोडा वेळ थे घरात असल्यासारखे वाटते." मग ती घाबरल्यासारखी म्हणाली, "पण थेही येतेत, भाऊजी. खरंच येतेत. बाजाराच्या दिवशी माह्यासाठी मेढीवर जिलेबी ठेवतेत."

लच्छूला सांगू नये असं फार वाटलं. पण ती खोकत होती, आणि पोचूची छाती त्यानं शेवटपर्यंत पाहिली होती. न सांगता ती बिडी सोडणार नव्हती.

"थे मी ठेवत होतो, वयनी."

ती रडली नाही. कनवटीचा कट्टा काढून तिनं तो त्याच्यासमोर निखाऱ्यावर टाकला आणि आत निघून गेली.

पुढच्या बाजाराला लच्छूनं जिलेबी आणली आणि अर्धी नेऊन तिच्या हातात दिली. "आठवडा झाला ना तुमालेही. बक्षीस."

तिनं एक घास तोडला, चघळला. "गोड आहे," ती म्हणाली. मग खाली पाहत, "पण भाऊजी, मेढीवरच ठेवत जा ना. मी मांगून येऊन घेत जाईन."

लच्छूनं तिच्या हातातला उरलेला तुकडा पानात गुंडाळला, मेढीवर ठेवला आणि कुंपणाकडे पाठ करून आपल्या अंगणात बसला. ढोरं परतत होती. थोड्या वेळानं मागे बांबू करकरला, पान सरकल्याचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं नाही. त्यानं छाती भरून श्वास घेतला, कितीतरी वर्षांत आला नव्हता एवढा मोठा. धुळीचा वास होता, शेणाचा होता, सोमारीच्या चुलीचा होता.

अंजनाबाईकडे पोचू दर बाजाराला येत राहिला. लच्छूकडे तो परत कधी आला नाही.