पाऊण तासाचं मत

एका आईचं गुपित मी तिच्या मुलीसमोर फोडलं. दुपारच्या चहाला, माझ्याच घरात, माझ्याच तोंडाने. मुद्दाम नाही फोडलं. मुद्दाम फोडलं असतं तर थोडं डोकं तरी लावलं असतं. मला वाटत होतं, मी त्या आईची बाजू घेतेय. गोष्ट फार जुनी नाही, पण तेव्हाची मी आजच्या माझ्यापेक्षा पुष्कळच हुशार होते, म्हणून तिच्याबद्दल जरा फटकळपणे लिहिणार आहे.

ती आई म्हणजे आमची शेजारीण. कतारमध्ये, दोह्याच्या अल गराफा भागात मी मुलाकडे राहते. बाजूच्या व्हिलात ती आणि तिचा गॅस प्लांटवरचा इंजिनीअर नवरा राहायचे. ते राहायला आले त्या सकाळी मुलगा ऑफिसला निघता निघता म्हणाला, "आई, शेजारी साउथचं जोडपं आलंय. एकदम कॉन्झर्व्हेटिव्ह, देवाधर्माचं करणारे."

झालं. साउथचे आणि देवाधर्माचे म्हणजे सोवळ्यातले. मी कांदा-लसूण न घालता सांबार केलं, इडल्या केल्या, काठाची साडी नेसले आणि आरशासमोर उभी राहून चार वेळा "वणक्कम" म्हणून पाहिलं. दार उघडलं तर समोर माझ्याहून हातभर उंच गोरी बाई, आखूड पांढरे केस, गळ्यात बारीकसा क्रॉस. "वणक्कम" तोवर तोंडातून निघून गेलं होतं. ती म्हणाली, "आत या, मॅम." तिने इडली बोटाने दाबून पाहिली, सांबाराला ग्रेव्ही म्हणाली आणि चार खाल्ल्या. मी धीर करून विचारलं, तुम्ही साउथच्या ना?

"हो तर," ती म्हणाली. "अलाबामाच्या."

मुलाला मी तीन दिवस डब्यात इडल्याच दिल्या.

ती जवळजवळ माझ्याच वयाची, पण मला कायम मॅम म्हणायची. त्यांच्याकडे परक्या बाईला मॅम, शाळेतल्या बाईंना मॅम, सासूलासुद्धा मॅम. म्हणून इथे तिच्या तोंडी मी 'तुम्ही' घालतेय. मी तिला मनातल्या मनात 'अगं' म्हणायचे. ते इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

त्याच सुमाराला तिच्या देशात, अमेरिकेत, तो अध्यक्ष पहिल्यांदा निवडून आला. मला तो फार आवडायचा. मोठ्या आवाजात बोलतो, साहेबलोकांना घाबरत नाही, टेबलावर मूठ आपटतो. जगाचं राजकारण मला तेव्हा व्हॉट्सॲपवर रोज सकाळी साडेसहाला कळायचं. आता वाटतं, मला तो आवडायचा कारण मला त्याच्या राज्यात राहायचं नव्हतं.

तिचं तसं नव्हतं. तिने त्याला मत दिलं होतं आणि ते ती लपवत नसे. तिच्या गावातली सूतगिरणी बंद पडली तेव्हा तिचे दोन भाऊ घरी बसले. वीस वर्षं कुणी त्या गिरणीचं नाव काढलं नव्हतं, ते यानं काढलं. पोटातलं बाळ पाडू नये अशी तिची जी श्रद्धा होती, ती शहरातले लोक हसण्यावारी न्यायचे. यानं नेली नाही. "त्याला स्वतःला किती वाटतं ते देव जाणे," ती म्हणायची. "पण न्यायाधीश नेमताना त्यानं आमचं ऐकलं." आणि लगेच पुढे, "पण मॅम, तो बोलतो कसा. लोकांच्या नकला करतो, नावं ठेवतो. माझ्या आईनं त्याला जेवणाच्या टेबलावर बसू दिलं नसतं."

"मग मत का दिलंस?"

"त्याला काही जेवायला बोलवायचं नव्हतं. काम करून घ्यायचं होतं."

एकदा माझ्या मुलाने तिला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "मी जपून ठेवणाऱ्यांतली आहे. आजीचे चहाचे कप, चर्चमधली गाणी, बोलण्यातली रीत. हा माणूस कपाट उघडतो आणि कप बाहेर फेकतो. त्यातले काही कप मलाही नकोच होते, म्हणून मी गप्प बसते. ते बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही."

पुढच्याच उन्हाळ्यात शेजारच्या देशांनी कतारचा रस्ता बंद केला. सौदीहून ट्रकने येणारं दूध एका दिवसात दुकानांतून गायब झालं. तिच्या अध्यक्षाने रस्ता बंद करणाऱ्यांची पाठ थोपटली, आणि त्याचे स्वतःचे हजारो सैनिक इथेच, आमच्यापासून तासाभराच्या आत, तळ ठोकून. त्या आठवड्यात ती आमच्या दारात आली. हातात दुधाच्या दोन बाटल्या, त्यांवर सगळं तुर्की भाषेत लिहिलेलं.

"हे घ्या," ती म्हणाली. "तुमच्या नातीला. त्याला मत मी दिलंय, मॅम. निदान दूध तरी पोचवते."

मी हसले. ती नाही हसली. मला तेव्हा वाटलं, अमेरिकन लोक विनोद असाच कोऱ्या चेहऱ्याने करत असतील.

तिची एकुलती एक मुलगी तिकडे अमेरिकेत सरकारी नोकरीत होती. भुकेल्या देशांना धान्य आणि औषधं पाठवायचं तिचं खातं. आई-मुलीचं या अध्यक्षावरून वाजलं ते चांगलंच वाजलं. पहिल्या निवडणुकीनंतर मुलगी वर्षभर बोलत नव्हती. दुसऱ्या वेळी तो हरला आणि बोलणं सुरू झालं, पण जपून, ऊनबिन कसं आहे असलं. तो तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा मुलीने फोनवर एकच मागितलं. "मॉमा, या वेळी नको. माझ्यासाठी." आणि हिने शब्द दिला. त्यानंतर रोज फोन यायला लागले. फोन ठेवल्यावर शेजारीण कुंपणापाशी येऊन मला सांगायची, आज पंचवीस मिनिटं बोलली, आज चाळीस. नव्या सुनेसारखी लाजत सांगायची.

मतपत्रिका टपालाने पाठवायची होती. ती घेऊन ती एका सकाळी माझ्याकडे आली. घरी नवरा खांद्यावरून डोकावतो म्हणाली. माझ्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला मी गवार घेऊन. ती तिकडे निवडत होती, मी इकडे निवडत होते. मी बघत नव्हते असं मी कितीही सांगितलं तरी तुम्ही विश्वास ठेवू नका. शेंगांच्या शिरा काढायला काही डोळे लागत नाहीत.

खालच्या सगळ्या पदांसाठीचे गोल तिने भराभर काळे केले. सर्वांत वरची, अध्यक्षपदाची ओळ तशीच. पेन खाली ठेवलं. उचललं. बाथरूममध्ये जाऊन आली. चहावर साय धरली. मध्ये एकदा ती म्हणाली, "कोरं सोडलं तरी शब्द पाळल्यासारखंच होईल, नाही?" मी हं म्हटलं. नंतर बऱ्याच वेळाने तिने त्याच्या नावापुढचा गोल भरला. फार हळू, कडेला शाई जाऊ नये अशा बेताने, लहान मूल रंगवतं तसा. आणि पेनाला टोपण लावून रडली.

"तिने विचारलं तर मी काय सांगू?"

इथे माझी हुशारी वर आली. मी म्हटलं, "सांगायचंच नाही. पुण्यात असताना मतदानाच्या दिवशी मी आमच्या ह्यांच्याबरोबर रांगेत उभी राहायचे, हे सांगतील त्याला मान हलवायचे आणि आत जाऊन मला हवं ते करायचे. ते गेले तरी त्यांना कळलं नाही. संसार सुखाचा झाला."

मी तिला भाजीला थोडी गवार बांधून दिली.

तो निवडून आला. मुलीने फोनवर विचारलंच असणार, कारण दुसऱ्या दिवशी शेजारीण कुंपणापाशी म्हणाली, "मी 'नाही दिलं' म्हणाले." एवढंच. त्या दिवशी किती मिनिटं बोलली ते सांगितलं नाही.

पुढे तीनेक महिन्यांत मुलीचं खातंच बंद झालं. एका ई-मेलवर. टेबलावरची कुंडी आणि कप एका खोक्यात भरून बाहेर पडायचं, एवढाच वेळ दिला म्हणे. वसंतात, ईद होऊन गेल्यावर, मुलगी महिन्याभरासाठी आई-वडिलांकडे दोह्याला आली. उंच, आईसारखीच, नखं खाल्लेली. आईने तिला पहिले पंधरा दिवस नुसतं खाऊ घातलं. मक्याचा ब्रेड, तळलेली भेंडी, आमच्या मक्याच्या सांज्यासारखं काहीतरी. मुलगी आईला सोडत नव्हती. मी खिडकीतून बघायचे, दोघी अंगणात एकाच झोपाळ्यावर बसलेल्या असायच्या.

मग मी त्यांना चहाला बोलावलं. माझ्या हौशीला कोण आवरणार. पोहे केले, खमंग काकडी केली. मुलगी छान बोलली. कुठल्या गोदामात किती धान्य अडकून पडलं, ते वाटायला कुणी उरलं नाही, हे सांगताना ती चमच्याने पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होती. खात नव्हती, नुसते रचत होती. मग तिने आईचा हात धरला आणि मला म्हणाली, "माझ्या ओळखीच्या सगळ्यांच्या घरच्यांनी त्याला मत दिलंय. माझ्या आईने नाही दिलं. मला एवढंच पुरतं." आई बशीकडे बघत होती. मुलगी पुढे म्हणाली, "ज्यांनी दिलं ना, त्यांनी विचारच केला नसणार. दोन मिनिटंसुद्धा नाही."

मला ते सहन झालं नाही. हे खरं आहे, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे. समोर बसलेल्या बाईवर अन्याय होतोय असं मला वाटलं. चष्मा नाकावर वर ढकलून, शाळेत चुकलेली बेरीज सुधारावी तशा आवाजात मी म्हटलं, "दोन मिनिटं नाही गं. चांगला पाऊण तास केला. मी इथेच गवार निवडत होते."

आधी मुलीला कळलं नाही. मला तर नाहीच कळलं, मी काकडी वाढायला वाटी उचलली होती. मग तिने आईकडे पाहिलं. आईने मान वर केली नाही. मुलीने आईच्या हातातून आपला हात काढला. ओढून नाही, झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून काढतात तसा. माझी नात शाळेतून आलेली, दारात उभी होती. तिला मराठी पुरतं समजतं, पण बोलते इंग्रजीच. ती हळूच म्हणाली, "आज्जी, स्टॉप." मला थांबायचं काय, हेच कळेना.

मुलगी उठली, मला थँक यू म्हणाली, चपला घालून गेली. आई तिच्या मागून. पोहे तसेच. चारच दिवसांनी मुलीने तिकीट बदललं. मी खिडकीत होते. आईने गाडी काढली, मुलीने बॅग स्वतः मागे ठेवली आणि मागच्याच सीटवर बसली. आईच्या शेजारची सीट रिकामी.

त्यानंतर कुंपणापाशी कुणी येईना. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. माफ कर, माझी जीभ, माझं वय. प्रत्येक वाक्यात मीच जास्त होते.

आठव्या दिवशी सकाळी गेले. रिकाम्या हाताने गेले, काही करून नेलं असतं तर तिला ते घ्यावं लागलं असतं. दार उघडंच होतं. ती हॉलमध्ये मुलीच्या खोलीतल्या चादरी इस्त्री करत होती. मी विचारलं, फोन आला का? ती म्हणाली, तिच्या डॅडीला येतो. तो बाहेर जाऊन बोलतो.

मी माझी वाक्यं म्हटली. अर्धी विसरले, बाकीची उलटसुलट झाली. ती इस्त्री करत राहिली. चादरीची चौकोनी घडी घातली, तिच्यावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे वळून, जराही राग न करता म्हणाली,

"मॅम, मी तिला सांगणार होते. ती आल्यापासून रोज सकाळी उठून ठरवत होते, आज सांगायचं. तुम्ही सांगून टाकलंत, त्यामुळे मी खरंच सांगितलं असतं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही."