लाडू फॉन्ट

मंगरूळपीरला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. एकटाच बसतो. गिऱ्हाईक येतं, मजकूर सांगतं, जातं. किस्से तेवढे मागे राहतात. घरी ऐकायला कुणी नाही, म्हणून साचत जातात. आणि त्यातले निम्मे एकाच फॉन्टचे!

त्याचं इंग्रजी नाव कुणाला घेता येत नाही. अक्षरं जाडजूड, गुबगुबीत, वेलांट्या गालासारख्या फुगलेल्या. मेडशीचे एक आबाजी नातवाच्या वाढदिवसाचा बॅनर करायला आले होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे अक्षरं पंगतीतून उठून आल्यावानी दिसून राह्यले! लाडू हाणले काय यायनं?"

तेव्हापासून लाडू फॉन्ट.

*

ग्रामपंचायतीला उभा राहिलेला एक जण आला. इतका किडकिडीत की फोटोत कॉलरच जास्त!

"साधा फॉन्ट टाकू?"

"नाई भाऊ, लाडूच टाका. मी नाई भरत, नाव तरी बॅनरभर भरू द्या!"

पडला बिचारा. बॅनर मात्र त्याच्या गोठ्याच्या छपरावर आहे. परवा भेटला तर म्हणाला, "मतं नाई थांबली, पाणी थांबते!"

*

केनवडचा एक माणूस वडिलांच्या श्रद्धांजलीचा बॅनर करायला आला. आधीची वाढदिवसाची फाइल उघडीच होती, नाव लाडूमध्येच टाइप झालं. मी घाईघाईनं बदलायला गेलो.

"थांबा."

स्क्रीनजवळ वाकला.

"राहू द्या. बाबा असेच होते."

*

एकदा माझाच वाढदिवस होता. दुपारी दुकानात चिटपाखरू नाही. म्हटलं, आपलाही बॅनर करून बघू. फोटो टाकला, नाव लाडूमध्ये, खाली 'शुभेच्छुक'. तिथं कर्सर लुकलुकत राहिला आणि मी बसून राहिलो.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. "कोनाचा वाढदिवस हाये?"

"कोनाचा नाई. सॅम्पल हाये," म्हणालो आणि फाइल बंद केली. सेव्हसुद्धा केली नाही!

*

आणि ही आजी. वाडीवरून एसटीनं एकटी आली. चिठ्ठीवर मोबाइल नंबर, फक्त तेवढाच छापायचा होता.

"पोराचा हाये. कामाले गेला सुरतेले. मले बारीक दिसत नाई. भिंतीले लावीन, म्हंजे पाहू पाहू दाबता येते."

मी लाडूमध्ये आकडे दाखवले. आजीनं स्क्रीनवर बोट ठेवून एकेक वाचला. खूश!

एक आकडा चुकला तर अख्खा फ्लेक्स वाया जातो, म्हणून छापण्याआधी मी नंबर लावून बघतो. स्पीकरवर लावला. बाई बोलली, हा नंबर अस्तित्वात नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आजी, हा नंबर बंद हाये. नवीन असन तर द्या."

आजीनं चिठ्ठीची नीट घडी केली, पदराच्या गाठीत बांधली.

"ठाऊक हाये मले, बापू. तू छाप."